पूर्वदर्शन आणि परीक्षण

व्हिडिओ गेम खेळून त्यांवर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. कोठेही नोकरी नाही. लेखागणिक मानधन मिळते. ऐकणाऱ्यास हे काम मौजेचे वाटते, आणि पुष्कळदा ते तसे असतेही. आज मात्र माझ्याच एका चुकीविषयी लिहायचे आहे.

या लेखनाचे दोन प्रकार आहेत. खेळ बाजारात येण्यापूर्वी निर्माते त्याचा निवडक भाग दाखवतात. त्यावर लिहितात ते पूर्वदर्शन. तो सर्वांसाठी खुला झाल्यावर पूर्ण खेळून लिहितात ते परीक्षण. दोन वर्षांपूर्वी शब्दकोड्यांच्या एका मोबाइल खेळाचे पूर्वदर्शन मी लिहिले. अक्षरे ठळक, रंग शांत, घड्याळाची घाई नाही. 'घरातील ज्येष्ठांना अवश्य द्यावा,' असे लिहून मी मोकळी झाले. परीक्षण कोणी मागितले नाही, म्हणून तो खेळ पुन्हा उघडलाही नाही.

काही महिन्यांनी आत्याचा फोन आला. एरवी मोठ्याने बोलणारी आत्या हलक्या आवाजात विचारत होती, "अगं, कोडी सोडवायचे पैसे कापतात का?" माझा लेख वाचूनच तिने तो खेळ घेतला होता. बाजारात आलेल्या खेळात 'सात दिवस विनामूल्य' असे मोठे बटण होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत, आठव्या दिवसापासून दर आठवड्यास 399 रुपये. तिने यूपीआयचा पिन एकदाच टाकला होता. त्या एका पिनने ऑटोपेला संमती दिली गेली, आणि चार महिन्यांत निवृत्तिवेतनातून सहा हजारांहून अधिक रुपये गेले. मध्यंतरी संशय येऊन तिने खेळ फोनमधून काढूनही टाकला होता. तरी पैसे जातच राहिले. तिला पैशांहून लाज अधिक वाटत होती. "मुलाला सांगू नकोस," असे तिने दोनदा बजावले.

म्हणून एक गोष्ट आजच करावी. घरातील ज्येष्ठांजवळ बसून, त्यांच्या संमतीने, यूपीआय ॲपमधील ऑटोपेचा विभाग आणि प्ले स्टोअरमधील सदस्यत्वांची यादी पाहावी. नको ते तेथूनच रद्द करावे. खेळ काढून टाकल्याने सदस्यत्व संपत नाही. सापडलेच काही, तर रागावू नये. रागावलात की पुढच्या वेळी सांगितले जाणार नाही.

आता 'स्मरणशक्ती वाढवणारे' खेळ. 2005 साली जपानमध्ये निन्टेन्डोचा मेंदूच्या व्यायामाचा खेळ आला आणि जगभर अशा खेळांची लाट उसळली. 2016 मध्ये 'ल्युमॉसिटी' या खेळसंचाच्या निर्मात्यांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत 20 लाख डॉलर भरणे मान्य केले; वार्धक्यातील विस्मरण टळते या त्यांच्या जाहिरातीस पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. तरीही सगळे थोतांड म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. 2013 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 60 ते 85 वर्षांच्या व्यक्तींना गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा खेळ महिनाभर दिला, तेव्हा एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनीही ती टिकून होती. पण तो खेळ त्याच प्रयोगासाठी घडवलेला होता. आपल्या फोनमधील खेळास त्याचे श्रेय आयते मिळत नाही.

आनंदासाठी खेळावे, हे मला पुरेसे कारण वाटते. (औषधासारखा खेळ लादणारी मुले मी पाहिली आहेत, त्या बिचाऱ्या आजी-आजोबांची दया येते.) पडदा गरगर फिरणाऱ्या खेळांनी मळमळ होत असेल, तर ते लगेच थांबवावेत. फिट येण्याचा इतिहास असल्यास लखलखत्या प्रकाशाचे खेळ डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत.

त्या प्रसंगानंतर मी एक नियम केला. 'ज्येष्ठांसाठी' हे शब्द लिहिण्यापूर्वी तो खेळ मी बाजारातून स्वतः घेते, महिनाभर ठेवते, आणि आत्याच्या हाती देते. तिच्या थरथरत्या अंगठ्याने चुकीचे बटण दाबले जाते का, ते शेजारी बसून पाहते. गेल्या पंधरवड्यात तिने दोन खेळ नापास केले. दुसऱ्याविषयी तिचे मत एवढेच होते : "फार बोलतो गं हा."