नुसती गाडी पाठवू नका

१९३८ च्या जुलै महिन्यात, ७ ते ९ तारखांना, आपल्या देशात 'चीन दिन' पाळून वर्गणी गोळा करण्यात आली. जपानने चीनवर चढाई केली होती. तिकडचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले आणि काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले. देश स्वतः पारतंत्र्यात, तरी २२ हजार रुपये जमवून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायची व्यवस्था झाली. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचे नाव पुढे घरोघरी गेले ते शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे, आणि बापू तर कोल्हापूरचेच. त्यामुळे ही कथा आपल्याला ऐकून ठाऊक असते. पण त्या वर्गणीतून गाडीच्या जोडीला पाच डॉक्टर गेले, ही बाब मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाची वाटते.

हे आज लिहिण्याचे कारण माझी पुतणी. ती इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यापासून तिकडे ठिकठिकाणी लोक वर्गणी काढून जुन्या रुग्णवाहिका विकत घेतात आणि स्वतः चालवत नेऊन पोहोचवतात. तिच्या रुग्णालयातल्या मंडळींनीही असे ठरवले आणि तिने फोनवर मला विचारले, "काका, पैसे देणे योग्य होईल का?"

द्यावेत, असे मी म्हणालो. पण आधी चार प्रश्न विचार, असेही सांगितले. गाडीचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे? इंग्लंडमध्ये आपल्यासारखेच उजवीकडे असते, युक्रेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे. अंधारात, दिवे न लावता, खड्ड्यांतून जखमी माणूस न्यायचा असेल तर हा फरक लहान नाही. तिचे सुटे भाग तिथे मिळतात का? मागे रुग्णाजवळ कोण बसणार? आणि सहा महिन्यांनी डिझेल व टायर यांचे पैसे कोण देणार?

वाचकांना वाटेल, डॉक्टर शुभकार्यात शंका काढतात. पण युद्धातल्या जखमीचे काय होते ते पाहा. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर काही मिनिटांत माणूस जातो. गाडी येण्याच्या आधीच पट्टा आवळून रक्त थांबवावे लागते आणि तो किती वाजता आवळला ते लिहून ठेवावे लागते, कारण फार वेळ राहिला तर पाय गमवावा लागतो. पुढच्या प्रवासात श्वास चालू ठेवणे, अंग गार पडू न देणे, हे सगळे माणसानेच करायचे. शिकलेला माणूस आत नसेल तर रुग्णवाहिका म्हणजे भोंगा बसवलेली टेम्पो गाडी.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? रुग्णवाहिकेसाठी वर्गणी मागा, तालमीतली पोरे दोन दिवसांत जमवून आणतात. गाडीवर देणगीदाराचे नाव येते, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. चोवीस तास गाडी चालवायची तर तीन ड्रायव्हर लागतात, सुट्ट्या धरल्या तर चार. त्यांच्या पगारावर कुणाचे नाव रंगवता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. बॅटरी उतरलेल्या आणि टायर बसलेल्या अशा गाड्या मी या जिल्ह्यात पाहिल्या आहेत. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. तिचे खरे मोल मला वाटते ते गाडीबरोबर डॉक्टर देण्याच्या रचनेत. गगनबावड्याहून सीपीआरला येणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि लढाईतल्या ड्रायव्हरचा तर जीवच पणाला लागलेला असतो. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून रुग्णवाहिकेवर हल्ला करू नये असे जग म्हणत आले आहे. तरीही २३ मार्च २०२५ रोजी गाझातील रफाह येथे रुग्णवाहिकांवर गोळीबार होऊन मदतीला गेलेले १५ जण मारले गेले. गाडी गेली तर दुसरी येते. अशा वेळी माझ्या मनात पहिला विचार त्या माणसांच्या घरच्यांचा येतो, त्यांच्याकडे कोण बघणार? यासाठी वर्गणीचा डबा फिरलेला मी तरी पाहिला नाही.

कोटणीस चीनमध्ये नुसते शस्त्रक्रिया करत बसले नाहीत. ते चिनी भाषा शिकले आणि तिकडच्या मुलामुलींना वैद्यक शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी स्पेनच्या युद्धात मोटारीतून रक्ताच्या बाटल्या आघाडीवर नेल्या होत्या. पुढे ते चीनमध्ये आले आणि शस्त्रक्रिया करताना बोट कापून, जंतुसंसर्ग होऊन १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले, वय अवघे ३२. पाचांपैकी चौघे परतले. तोपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे मात्र तिथे कामाला लागलेली होती.

पुतणीने माझे प्रश्न तिच्या मंडळींपुढे ठेवले. दोघेजण चिडले म्हणे. मग त्यांनी पोलंडमध्ये डाव्या स्टिअरिंगची गाडी शोधायला घेतली आणि वर्गणीचा तिसरा हिस्सा डिझेल व टायरसाठी वेगळा काढला. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी पाकीट दिले आणि त्यावर लिहिले, 'टायरसाठी'.