कुलूप कशाला लावायचं?

बालमित्रांनो, तुमच्या घरातलं सगळ्यात मजबूत कुलूप कुठे असतं? आईच्या लोखंडी कपाटाला, हो ना? आणि झुरळांचं औषध कुठे असतं? मोरीच्या कोपऱ्यात, जमिनीवर! आता एका जहाजाची गोष्ट ऐका.

१९४४ साली, महायुद्धाच्या काळात, 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये आलं. त्यावर सोन्याच्या १२४ विटा होत्या, एकेक वीट जवळजवळ पावणेतेरा किलोंची! त्या पोलादी पेटीत ठेवून झाकण वेल्डिंगने पक्कं केलं होतं. पण त्याच जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळाही होता. आणि एका कप्प्यात तर खाली कापसाच्या गासड्या आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं!

१४ एप्रिलला दुपारी कापसाने पेट घेतला. बंबवाले धावले, पण चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिल हा 'अग्निशमन सेवा दिन' म्हणून पाळतात. आणि सोनं? त्या विटासुद्धा उडून दूरवर पडल्या!

पाहिलंत? सोन्याची एवढी काळजी घेतली, पण कापूस आणि दारूगोळा वेगळे ठेवले नाहीत.

म्हणजे कपाटं दोन प्रकारची. तिजोरी आतल्या वस्तूला बाहेरच्या संकटापासून वाचवते. आगीत टिकणाऱ्या तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून ठेवणारा मसाला भरतात. आच लागली की त्या पाण्याची वाफ होते आणि आतले कागद लवकर तापत नाहीत. दुसरं कपाट आपल्याला आतल्या वस्तूपासून वाचवतं. कारखान्यांत थिनर, स्पिरिट ठेवायला दुहेरी पत्र्याचं, बहुधा पिवळं कपाट असतं. त्याच्या तळाला उंबरठ्यासारखी कड असते, म्हणजे सांडलेलं बाहेर वाहत नाही. अॅसिड मात्र त्यात नाही, त्याचं कपाट वेगळं!

घरी पिवळं कपाट नसेना का! या रविवारी आईबाबांना घेऊन एक फेरी मारा. तुम्ही फक्त दाखवायचं, उचलायचं मोठ्यांनी. फिनेल, टर्पेंटाइन, झुरळांचं औषध, आजोबांच्या गोळ्या, सगळं धाकट्या भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात जाऊ द्या. गोळ्यांचा कप्पा मात्र वेगळा हं! आणि सरबताच्या बाटलीत टर्पेंटाइन? कध्धीच नाही! छोटीला ते सरबतच वाटणार. चुकून कोणी प्यायलंच, तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

दागिना हरवला तर पुन्हा घडवता येतो, मित्रांनो. छोटी बहीण एकच असते. मग सांगा, पहिलं कुलूप कशाला?