ऐरावत कोसळला, पण त्याला गाडले कोणी?

17 डिसेंबर 1995 च्या रात्री एका परदेशी विमानाने पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यावर पेट्यांचा वर्षाव केला. सकाळी गावकऱ्यांनी त्या उघडल्या, तेव्हा आत शेकडो एके-47 रायफली आणि दारूगोळ्याचा प्रचंड साठा निघाला. विमान तोवर देशाबाहेर पोहोचले होते. काही दिवसांनी तेच अँटोनोव्ह-26 निर्ढावलेपणाने पुन्हा भारतीय आकाशात शिरले, तेव्हा कुठे ते अडवून मुंबईत सहार विमानतळावर उतरवण्यात आले. अंधेरीला खेटून असलेल्या त्या विमानतळावरून कटाचा सूत्रधार किम डेव्ही निसटला. तो अद्याप भारताच्या हाती लागलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये डेन्मार्कच्या न्यायालयाने त्याचे प्रत्यार्पण पुन्हा एकदा नाकारले.

या प्रकरणात पोलीस, गुप्तचर आणि विमानतळाची सुरक्षा या सर्वांचे वाभाडे निघाले, आणि ते योग्यच होते. एक गोष्ट मात्र चर्चेत फारशी आली नाही. ते विमान चोरवाटेने आलेले नव्हते. रीतसर परवानगी घेऊन, वाराणसीला इंधन भरून ते निघाले होते. ठरलेला मार्ग सोडून ते खाली झेपावले, त्या घटकेला त्याच्यावर वरून नजर ठेवणारा डोळाच भारताजवळ नव्हता. विशेष म्हणजे तो डोळा त्याच काळात बंगळुरात घडत होता. त्याचे नाव ऐरावत. त्याचे पुढे काय झाले, ही कथा मराठी वाचकाला क्वचितच सांगितली गेली आहे.

आकाशात डोळा का हवा, हे समजण्यासाठी संरक्षणतज्ज्ञ असण्याची गरज नाही. गोराईच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाला समुद्रातले गलबत जिथे दिसेनासे होते, त्याच्या कितीतरी पलीकडचे पाणी कान्हेरीच्या डोंगरमाथ्यावर चढलेल्याला दिसते. पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी सरळ जातात, एवढाच त्यातला मुद्दा. दहा मीटर उंचीच्या मनोऱ्यावरील रडारला शंभर मीटर उंचीवरून येणारे विमान साधारण 55 किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. ताशी 900 किलोमीटर वेगाने येणारे शत्रूचे विमान हे अंतर चार मिनिटांत कापते. तेच रडार नऊ हजार मीटर उंचीवर नेले, तर त्याचे क्षितिज चारशे किलोमीटरच्याही पलीकडे सरकते. तुर्भ्याच्या अणुभट्ट्या आणि किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत समुद्रात असलेले मुंबई हायचे तेलक्षेत्र ज्या शहराच्या दाराशी आहे, त्या शहराला चार मिनिटे आणि अर्धा तास यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये.

रडार आकाशात नेण्यासाठी विमान लागते, आणि जगभर त्यासाठी निवडले गेले ते बहुधा साधे प्रवासी विमान. त्यात जागा असते, ते तासन् तास हवेत राहते, त्यात वीजनिर्मितीची यंत्रे बसवता येतात आणि आसने काढली की शास्त्रज्ञांची पडद्यांसमोरची बैठक मांडता येते. अमेरिकेने 1982 मध्ये उडालेले पहिलेच बोइंग 757 घेतले आणि त्याच्या तोंडावर एफ-22 या लढाऊ विमानाचे नाक बसवले. वैमानिकांच्या कक्षाच्या माथ्यावर त्याच लढाऊ विमानासारखा आखूड पंख डकवला. त्या विद्रूप यंत्राला लोक ‘कॅटफिश’, म्हणजे मिशाळ मासा, म्हणू लागले. एफ-35 चे रडार आणि संगणक तपासण्यासाठी पुढे जे विमान बनवले गेले, ते मूळचे जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीचे बोइंग 737 होते. ज्या आसनांवर कधी पर्यटक बसले होते, तिथे अभियंते बसले. लढाऊ विमान आकाशात झेपावण्याआधी त्याच्या मेंदूतले शेकडो दोष या ओबडधोबड विमानांत सापडले आणि दुरुस्त झाले. चीननेही तोच धडा गिरवला. टुपोलेव्ह-204 या प्रवासी विमानाला त्याने जे-20 चे नाक लावले.

या कामासाठी भारतीय शास्त्रज्ञांच्या हाती बोइंग नव्हते. होते ते अ‍ॅव्हरो एचएस-748. ब्रिटिश आराखड्याचे, कानपूरला तयार होणारे, दोन पंख्यांचे हे छोटे प्रवासी विमान. इंडियन एअरलाइन्सने ते लहान शहरांच्या मार्गांवर वर्षानुवर्षे चालवले. दिसायला साधे, अंगात बळ बेताचेच. पण गरिबाघरची सून आहे त्या भांड्यांत स्वयंपाक करते, तसा भारतीय शास्त्रज्ञांनी त्यावरच संसार मांडला. अ‍ॅव्हरोच्या पाठीवर खांब उभारून त्यांवर सात मीटरांहून अधिक व्यासाची तबकडी चढवली. 1990 च्या अखेरीस हे रूपांतरित विमान उडाले. 1991 मध्ये या कामासाठी बंगळुरात संरक्षण संशोधन संघटनेचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. इंद्राच्या हत्तीचे नाव धारण केलेला हा ऐरावत त्यानंतर कित्येक वर्षे चाचण्यांसाठी उडत राहिला. त्याचा गाजावाजा झाला नाही आणि होणेही इष्ट नव्हते.

11 जानेवारी 1999 रोजी तमिळनाडूतील अराकोणमजवळ उतरण्याच्या बेतात असताना ऐरावत कोसळला. माथ्यावरची तबकडी विमानापासून सुटली होती. आठ जण ठार झाले. त्यांत विमानाचे कर्मचारी होते, तसेच देशाच्या पहिल्या उडत्या रडारचे मर्म जाणणारे शास्त्रज्ञही होते. एका क्षणात विमान गेले, यंत्रसामग्री गेली आणि आठ वर्षांचे अनुभवसंचित असलेली माणसे गेली.

विमान कोसळणे हे दुर्दैव होते. त्यानंतर जे घडले ते दुर्दैव नव्हते, तो निर्णय होता. प्रकल्प गुंडाळण्यात आला. अपघातानंतर अवघ्या चार महिन्यांत कारगिलच्या शिखरांवर युद्ध पेटले आणि भारतीय हवाई दल आकाशातील रडारवाचून लढले. आठ महिने आधी, मे 1998 मध्ये, पोखरणचा स्फोट करून जगाच्या निर्बंधांना आव्हान देणारा देश आठ हुतात्म्यांच्या चितेबरोबर त्यांचे कामही जाळून मोकळा झाला! त्या वेळी केंद्रात काँग्रेस नव्हती. अटलजींचे सरकार होते आणि संरक्षण खाते मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. हे सांगायला संकोच कशाला? एप्रिलमध्ये ते सरकार एका मताने पडले, देश निवडणुकीच्या धामधुमीत लोटला गेला, हे सर्व खरे. तरीही जे सरकार पोखरणचे श्रेय अभिमानाने मिरवते, त्याने ऐरावताचे ओझेही वाहिले पाहिजे. राष्ट्रहिताची कसोटी विरोधकांना एक आणि स्वकीयांना दुसरी, असे असू शकत नाही.

निर्णयाच्या समर्थनार्थ युक्तिवाद तयारच होता, आजही तो इंग्रजी वाहिन्यांवर तावातावाने मांडला जातो. जगात आयते मिळत असताना घरी कशाला घडवत बसायचे? अ‍ॅव्हरोसारख्या दुबळ्या विमानावर एवढी तबकडी चढवणे हाच अट्टहास नव्हता का? यातला दुसरा आक्षेप निराधार नाही. अ‍ॅव्हरो या कामाला तोकडे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यावर उपाय होता मोठे विमान देणे. ते न देता अभ्यासच बंद करणे म्हणजे पोराचा बूट घट्ट झाला म्हणून त्याची शाळा सोडवण्यासारखे आहे.

पहिल्या आक्षेपाला चीनच्या अनुभवानेच उत्तर दिले आहे. इस्रायलकडून फाल्कन रडार विकत घेण्याचा चीनचा सौदा 2000 साली अमेरिकेच्या दडपणाने मोडला. चीनने स्वतःचे रडार स्वतःच्या हिमतीवर उभे केले. 3 जून 2006 रोजी अन्हुई प्रांतात त्याचे असेच रडारवाहू विमान कोसळले आणि 40 जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक तंत्रज्ञ होते. ऐरावतापेक्षा पाचपट हानी. बीजिंगने प्रकल्प गुंडाळला नाही. आज चीनच्या हवाई दलात अशा विमानांचे ताफेच्या ताफे आहेत. त्या साम्यवादी राजवटीबद्दल प्रेम बाळगण्याचे कारण नाही. पण अपघातातून काय शिकायचे, हे शत्रूपासूनही शिकता येते.

जे फाल्कन चीनला नाकारले गेले, तेच मार्च 2004 मध्ये भारताने 1.1 अब्ज डॉलर मोजून घेतले, रशियन आयएल-76 विमानांवर बसवलेले, संख्येने तीन. पहिले मे 2009 मध्ये पोहोचले. ऐरावत कोसळल्यापासून दहा वर्षे उलटली होती. विमान उत्तम, यात वाद नाही. मात्र आणखी दोन घेण्याचा विचार पुढे वर्षानुवर्षे कागदांवरच फिरत राहिला, कारण ज्याचे दुकान त्याचा भाव. याच काळात पाकिस्तानने स्वीडनकडून साब-2000 या प्रवासी विमानावरील एरीआय रडार मिळवले आणि चीनकडूनही खरेदी केली. आकाराने भारताच्या चौथाईहून लहान असलेल्या देशाजवळ आकाशातले डोळे भारतापेक्षा अधिक झाले.

बंगळुरात मात्र अंगार विझलेला नव्हता. 2004 मध्येच त्या केंद्राला पुन्हा काम मिळाले, तेही काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकारच्या काळात, हे नोंदवायला हवे. या वेळी ब्राझीलचे एम्ब्रेअर-145 निवडले गेले, तेही प्रवासी विमानाच्याच कुळातले. त्यावर पूर्णतः भारतीय रडार बसले आणि त्याचे नाव झाले नेत्र. 14 फेब्रुवारी 2017 रोजी गोव्याचे सुपुत्र आणि मुंबईच्या पवई आयआयटीचे पदवीधर मनोहर पर्रीकर यांनी संरक्षणमंत्री या नात्याने पहिले नेत्र हवाई दलाच्या स्वाधीन केले. दोनच वर्षांनी बालाकोटच्या कारवाईत त्याने आपले काम चोख बजावले. ऐरावताच्या राखेतून जे उगवले, ते अठरा वर्षांनी सेवेत आले. 1999 साली मोठे विमान मिळाले असते, तर यातली किती वर्षे वाचली असती?

इथे ही कथा पुन्हा मुंबईच्या उपनगरांत येते. नेत्राची थोरली आवृत्ती कशावर बसवायची, यावर दिल्लीत बराच खल झाला. 2015 मध्ये एअरबस ए-330 ला तत्त्वतः संमती मिळाली, नंतर ती वाट सोडून देण्यात आली. डिसेंबर 2020 मध्ये ठरले की, एअर इंडियाच्या ताफ्यातील सहा ए-321 विमाने या कामी द्यावीत आणि सुमारे साडेदहा हजार कोटी रुपये खर्चावेत. इंडियन एअरलाइन्सने 2006 मध्ये मागवलेल्या 43 एअरबसपैकी 20 विमाने या जातीची होती. अंधेरी-पार्ल्याच्या घरांवरून रात्रंदिवस ज्यांची घरघर ऐकू येत असे, बोरिवली-मुलुंडची कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत ज्यांतून दिल्लीला जात, त्याच ताफ्यातली विमाने देशाचा डोळा होणार! एअर इंडियाचे खासगीकरण जानेवारी 2022 मध्ये पुरे झाले. त्याआधी ही सहा विमाने देशाच्या कामी राखून ठेवणे, हा निर्णय निःसंशय शहाणपणाचा होता.

पण निर्णय म्हणजे विमान नव्हे. 2025 संपेपर्यंत या सहांपैकी एकही रडार घेऊन हवाई दलात दाखल झालेले नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरमध्ये भारताने सुमारे 300 किलोमीटर अंतरावरून पाकिस्तानचे एक मोठे विमान पाडले. ते हेरगिरीचे किंवा रडारवाहू असावे, असे हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी ऑगस्टमध्ये जाहीर केले. शत्रूचा डोळा फोडणे किती मोलाचे असते, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले. आपल्या डोळ्यांची संख्या एका हातावर मोजण्याएवढीच आहे, हे मात्र त्या जल्लोषात कुणी फारसे बोलले नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात ब्रह्मोस क्षेपणास्त्राचे सांगाडे घडतात. पवईच्या आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही सूक्ष्मतरंगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था 1984 पासून उभी आहे. गडंकीचे वातावरणाचा वेध घेणारे महाकाय रडार उभारण्यात तिचा मोठा वाटा आहे. म्हणजे बुद्धी आहे, हात आहेत. पण त्याच पट्ट्यात, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर, एकामागून एक अभियांत्रिकी कारखाने बंद पडले आणि तिथे मॉल व मनोरे उभे राहिले. सूतभर चूक न करता धातू कापणारे कारागीर सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवून त्याच जागेच्या फाटकावर बसले. विमानाच्या पाठीवरील खांब आठ जणांचा भार पेलेल की त्यांचा घात करेल, हे अशाच हातांच्या कौशल्यावर ठरत असते. स्वदेशीचा जयघोष करणाऱ्या शासनाला या जमिनींचा वापर बदलून देताना त्याची आठवण का राहिली नाही?

गुप्ततेची ढाल पुढे करून या प्रश्नांना बगल दिली जाते. रडार किती दूर पाहते, कोणत्या लहरींवर चालते, हे गुप्तच राहिले पाहिजे. ते विचारणारा एकतर मूर्ख किंवा हेर. परंतु विमाने किती मिळाली, त्यांची तोडजोड कुठे होणार आणि पहिले कोणत्या वर्षी उडणार, हे शत्रूला उपग्रहावरून कळते, मग करदात्यापासून लपवण्यात कोणते संरक्षण साधते? उपनगरांतून लोकसभेत निवडून गेलेल्या खासदारांची संख्या कमी नाही, आणि त्यांत सत्ताधारी बाकांवर बसणारेही आहेत. लोकलच्या फेऱ्यांवर आणि झोपडपट्टी पुनर्वसनावर ते प्रश्न विचारतात, तेही आवश्यकच. पुढच्या अधिवेशनात त्यांनी एक तारांकित प्रश्न या सहा विमानांवर विचारावा आणि उत्तरात तारीख मागावी.