यंदाच्या गौरवाबद्दल, जरा स्पष्ट



दिवाळीचा कार्यक्रम पार पडला, फराळाचे डबे आपापल्या घरी गेले, व्हॉट्सॲपवरचं भांडण मात्र अजून चालू आहे. एरवी संपादकीयात कलाकारांचे, स्वयंपाकघराचे आणि प्रायोजकांचे आभार मानून मोकळं व्हायचं हा आपल्या वार्तापत्राचा शिरस्ता. या वेळी तो बाजूला ठेवतो आहोत. ‘समाजकार्य गौरव’ यंदा ज्यांना दिला त्यांना तो का दिला, हे कार्यकारिणीने एकदा लेखी सांगावं असा आग्रह दोन्ही बाजूंनी धरला आहे. एवढ्यापुरतं तरी दोन्ही बाजूंचं एकमत झालं, हेही नसे थोडके.

गौरवाची सुरुवात कशी झाली ते जुन्या मंडळींना सांगायला नको. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी वडिलांच्या स्मरणार्थ मंडळाकडे रक्कम ठेवली आणि तिच्या व्याजातून महाराष्ट्रातल्या एका संस्थेचा दरवर्षी सन्मान करायचं ठरलं. आजवरची रीत अशी की अधिवेशनासाठी किंवा लेकीकडे म्हणून कुणी नामवंत अमेरिकेत आले, की त्यांना आपल्या गावी बोलवायचं. शाल, श्रीफळ, धनादेश, भाषण, प्रश्नोत्तरं आणि मग फोटोसाठी रांग. त्यातल्या काही संध्याकाळी आपण विसरणार नाही, आणि त्या ज्यांनी घडवून आणल्या त्या माजी कार्यकारिणींबद्दल आमच्या मनात आदरच आहे. हे मुद्दाम लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या मजकुराचा कुणी भलता अर्थ काढू नये.

यंदा आम्ही पाहुणे बोलावले नाहीत आणि संस्थापकांनाही गौरव दिला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका वसतिगृहाच्या ताईंना दिला. मुलांची व्यवस्था आणि संस्थेचे हिशेब, दोन्ही त्याच बघतात. नाव, पत्ता, संस्थेची माहिती मागच्या अंकात सविस्तर आली आहे. तो अंक किती जणांनी उघडला हा वेगळा विषय.

त्यावर आलेला पहिला आक्षेप शब्दशः असा: “कारकुनाला पुरस्कार?”

ज्यांनी तो घेतला ते सभागृहात असते, तर त्यांनी तो घेतला नसता असं आम्हाला वाटतं. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले होते, तिकडे सकाळचे साडेसहा. पडद्यावर ताई कार्यालयात बसलेल्या, मागे दाराबाहेर मुलं दात घासत उभी. गळीत हंगाम सुरू झालेला, गावोगावचे कोयते निघालेले. (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला मिळून.) ताईंना भाषण करायला सांगितलं तर त्यांनी टेबलावरची वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. मुलाचं नाव, इयत्ता, गाव, मग ‘आईबाप कोणत्या कारखान्यावर’, आणि शेवटच्या रकान्यात मुकादमाचा फोन नंबर. मुकादमाचा का, असं आपल्यातल्याच एका मुलीने विचारलं. ताई म्हणाल्या, रात्री पोराला ताप भरला तर आईबापाला विचारावं लागतं. ते फडात असतात, त्यांचा फोन लागत नाही, मुकादमाचा लागतो. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला, पत्र्याची पेटी घेऊन दोन मुलं उतरली, आणि ताई “एक मिनिट हं” म्हणून उठून गेल्या त्या बऱ्याच वेळाने परत आल्या. आपला सत्कार समारंभ तेवढा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. काहींना हा मंडळाचा अपमान वाटला. आम्हाला यंदाच्या कार्यक्रमातला सगळ्यात खरा भाग तोच वाटला.

संस्थापक सरांना डावललं, हा दुसरा आक्षेप. ताईंचं नाव सरांनीच सुचवलं होतं आणि त्यांचं पत्र मंडळाच्या दप्तरी आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी सचिवांना कळवावं.

या निर्णयामागचा विचार नवा नाही. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या कामांकडेच बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समधलं शिक्षण संपवून १९७० साली जामखेडला गेले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला आणि तो सार्थच होता. पण जामखेडचं काम जगभर शिकवलं जातं ते तिथल्या खेड्यांतल्या आरोग्यसेविकांमुळे. नर्सेस खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तेच सूत्र नवजात बाळांपर्यंत नेलं. गावातली आरोग्यदूत बाळाचं वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकली आणि ३९ गावांतले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात गेलं. बंग पतिपत्नींचा मोठेपणा यात आहेच. तरी रात्री कंदील घेऊन बाळंतिणीच्या घरी जाणारी बाई दुसरीच कुणी होती आणि तिला शाल द्यायला कुणी अमेरिकेत बोलावलं नाही.

मग संस्थापकांनंतर काय, हा प्रश्न. पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण घ्या. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले, हे आपल्यापैकी निम्म्यांना पाठ आहे. सुनंदाताई १९९७ साली गेल्या. अनिल अवचट गेले २०२२ मध्ये. मुक्तांगण चालू आहे, कारण मधल्या वर्षांत मुक्ता पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फळी तयार झाली होती. अशी फळी सगळ्यांनाच लाभत नाही. मोठ्या नावाच्या संस्थांना वारसाचा प्रश्न किती जड जातो, हे गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत वाचून आपणही हळहळलो आहोत. अधिक लिहीत नाही.

आम्हा मराठी माणसांना महामानव फार लागतात. प्रकाश आमट्यांवरचा सिनेमा आपण इथे दोनदा दाखवला, दोन्ही वेळा सभागृह भरलं, बायाबापड्यांसकट पुरुषांनीही डोळे पुसले. त्यात गैर काहीच नाही. आमचं म्हणणं इतकंच की व्याजाची रक्कम तुटपुंजी असताना ती ज्यांच्यावर आधीच प्रकाश आहे तिथे न वळवता, संस्थेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाकडे वळवावी. इथल्याच मराठी मंडळींनी १९७८ साली काढलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनने, सुनील देशमुखांच्या पुढाकाराने, १९९४ पासून साहित्य आणि पुढे समाजकार्य पुरस्कार सुरू केले. पैसा इथला आणि सोहळा महाराष्ट्रात, ही पद्धत त्यांनी घालून दिली. पाहुण्यांचं तिकीट आणि हॉटेल यात बक्षिसापेक्षा जास्त खर्च करणारं मंडळ आपलं एकटंच नसेल, पण आपण थांबलो तर बिघडत नाही.

ताईंना विचारलं, रक्कम कशासाठी वापराल? त्या म्हणाल्या, हिशेब तपासनिसांची फी थकली आहे. सभागृहात हसू पिकलं. यात हसण्यासारखं काय होतं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. आपण देणगी देतो तेव्हा मुलाच्या ताटात, अंगावरच्या स्वेटरमध्ये, वहीवर छापलेल्या नावात ती दिसावी असं आपल्याला वाटतं. वीजबिल, टायपिंग, सरकारदरबारच्या खेपा, लेखापरीक्षण यासाठी पैसा द्यायला कुणी तयार नसतं. त्यात भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली, आणि पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा अशी अट घातली. एका नोंदणीकृत संस्थेने आलेला पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देणंही बंद झालं. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्ही प्रकारचे सभासद मंडळात आहेत, सगळेच आपले आहेत, तेव्हा आम्ही मत देत नाही. परिणाम मात्र असा की जिच्याकडे कागदपत्रं सांभाळणारी भक्कम ताई आहे तीच संस्था टिकते. म्हणून मंडळाने या रकमेला कसलीही अट घातलेली नाही. कायद्याच्या मर्यादेत ती कुठे खर्च करायची ते संस्थेने ठरवावं.

याच ओघात विचारधारेचाही मुद्दा निघाला. कुणाला संस्था समाजवाद्यांची वाटली, कुणाला संघाची. एकाच संस्थेबद्दल दोन्ही आरोप आले, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. निवड समितीने नोंदणी, गेल्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि प्रत्यक्ष भेट एवढंच पाहिलं. भेट आपल्यातलेच एक कुटुंब सुट्टीत गावी गेलं असताना स्वखर्चाने देऊन आलं. त्यांचे आभार.

इथेच राबणाऱ्यांचा आधी सन्मान करा, मराठी शाळेच्या शिक्षिका रविवारची झोप सोडून येतात त्यांचं काय, अशीही एक सूचना आहे. सूचना रास्त आहे. त्यासाठी वेगळा सन्मान असावा असा ठराव वार्षिक सभेत आणावा, कार्यकारिणी त्याला पाठिंबा देईल. स्मृतिनिधीची रक्कम मात्र दात्यांच्या अटींनुसार महाराष्ट्रातच द्यावी लागते.

आता उपस्थितीबद्दल. वाद्यवृंदाला सभागृह भरलेलं होतं. गौरवाची घोषणा झाली आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. चहा आणि बटाटेवडे त्याच वेळी बाहेर ठेवले यात स्वयंपाकघराचा दोष नाही, वडे गार होतात. पण ताई पडद्यावर असताना दाराबाहेरचा कलकलाट आतल्या माइकवर येत होता. व्हॉट्सॲपवर सगळ्यात लांब पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण त्या वेळी वड्यांपाशी होते, हे आम्ही नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो. पुढच्या वर्षी गौरव वाद्यवृंदाच्या आधी होईल. यावरही वाद्यवृंदाच्या चाहत्यांची पत्रं येतील, त्यांचं स्वागत आहे.

गौरवाच्या रकमेत भर घालण्याची इच्छा अनेकांनी बोलून दाखवली. बोलून झालं असेल तर आता करा. धनादेश मंडळाच्या नावे, खाली ‘गौरव निधी’ असं लिहून, ३१ डिसेंबरच्या आत पोचला पाहिजे. पावती सगळ्यांनाच मिळेल. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक दिलेत तर करासाठी ती जपून ठेवावीच लागते. तुमची कंपनी तितकीच रक्कम आपल्याकडून देते का हे तिच्या पोर्टलवर तपासा. हा पैसा दरवर्षी वाया जातो, कारण अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात आणि ती कुणाला सापडत नाहीत. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, थेट संस्थेलाही देता येतं, ती परदेशी देणगी धरली जात नाही. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र परदेशीच, ओसीआय कार्ड असलं तरीसुद्धा. त्यांनी मंडळाच्याच मार्गाने यावं.

निवड समितीतून दोन सभासद मुदत संपल्यामुळे बाहेर पडत आहेत. त्या जागांसाठी आजपर्यंत एकही नाव आलेलं नाही. पुढच्या वर्षीचा गौरव कुणाला द्यावा याबद्दल ज्यांची ठाम मतं आहेत, त्यांनी आपलं नाव १५ जानेवारीपर्यंत सचिवांकडे द्यावं. समितीच्या बैठका महिन्यातून एकदा, सोमवारी रात्री, फोनवर होतात. संस्थांचे हिशेब वाचावे लागतात, आणि चहा आपापला.

— कार्यकारिणीच्या वतीने, संपादक