‘नेब्रास्का’ हा कच्चा खर्डा नव्हे

ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉकगायकाची ‘नेब्रास्का’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिच्यावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. तो असा की, साथीदारांना ऐकविण्याकरिता घरी केलेला हा कच्चा खर्डा पक्क्या कृतीच्या नावाखाली रसिकांच्या पदरात टाकण्यात आला. यातील वस्तुस्थितीचा भाग मान्य करण्यास मला यत्किंचितही हरकत नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत, न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरात, चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर ही गाणी मुद्रित झाली. आवाज व गिटार यांनी दोन पट्ट्या अडविल्यावर हार्मोनिका, मँडोलिन आदींच्या वाट्याला उरल्या त्या अवघ्या दोन. आणि ती कॅसेट स्प्रिंगस्टीन कित्येक दिवस डबीवाचून तशीच खिशात बाळगीत असे. हे सर्व खरे असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे.

कारण, पक्की प्रत करण्याचा प्रयत्नच झाला नाही, हे त्यामागील गृहीत मुळात टिकत नाही. न्यूयॉर्कच्या ‘पॉवर स्टेशन’ या ध्वनिमुद्रणगृहात स्प्रिंगस्टीनच्या साथीच्या ‘ई स्ट्रीट बँड’च्या कसलेल्या वादकांसह यांतली गाणी वाजवून पाहण्यात आली, आणि कॅसेटीतले पाणी त्यांत उतरेना, म्हणून खुद्द कर्त्यानेच तो खटाटोप बाजूस सारला. उलट, त्याच कॅसेटीच्या वेळचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गीत वादकांच्या साथीने असे काही उभे राहिले की, १९८४ च्या मुद्रिकेला त्याने नावच दिले. काही गाणी साथीच्या हवाली करणारा आणि काही निग्रहाने राखून ठेवणारा कलावंत निरुपायाने वागला, असे म्हणण्यास आधार तो कोणता?

ती का राखली, हे ‘स्टेट ट्रूपर’ ऐकताच ध्यानी येते. परवाना, कागदपत्र काहीही जवळ नसलेला एक इसम रात्री मोटार हाकीत चालला आहे आणि गस्तीच्या पोलिसाने आपल्याला अडवू नये, एवढीच त्याची याचना आहे. दाबून धरलेल्या तारांवर गिटारीचा एकच ठेका अव्याहत चालतो, स्वर पुटपुटण्याच्या पलीकडे फारसा जात नाही, आणि मग अकस्मात एक रानटी किंकाळी फुटते. येथे ड्रम वाजते, तर त्या इसमाला सोबत मिळाली असती. आणि त्याला सोबत नाही, हेच तर या गाण्याचे सर्वस्व आहे!

दुसरी तक्रार नीतीची. अकरा खून करणाऱ्या चार्ल्स स्टार्कवेदरच्या मुखाने शीर्षकगीत गायिले, म्हणजे गुन्ह्याचे समर्थन केले, असे म्हणणाऱ्यांनी त्यात दयेचा अर्ज कोठे आहे, ते दाखवावे. तसेच याच मुद्रिकेतील ‘हायवे पेट्रोलमन’ या गाण्यातला पोलीस अंमलदार आपल्या गुन्हेगार भावाचा मोटारीने पाठलाग करतो, कॅनडाच्या सरहद्दीनजीक रस्त्याच्या कडेला थांबतो आणि त्याच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होऊ देतो. कर्तव्यात कसूर झाली, हे तो लपवीत नाही व तिची माफीही मागत नाही. त्याच्या या जबानीवर शेरा मारणारे एकही वाद्य गायकाने मध्ये येऊ दिलेले नाही, आणि ते सर्वथा योग्यच केले, असे माझे ठाम मत आहे.