दहा म्हणजे नक्की दहा काय?

लिनक्स कर्नलला पाठवलेला पॅच "प्रॉपर्टीचं नाव बदला" एवढ्या शेऱ्यावर परत आला की आपल्याकडची एम्बेडेडवाली पोरं वैतागतात. कोड चालतोय, बोर्ड बूट होतंय, मग नावावरून एवढा कीस कशाला? माझं स्पष्ट मत आहे, हा कीस पाडायलाच हवा.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राउटर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवरच्या बऱ्याच चिप्स आपली ओळख स्वतःहून देत नाहीत. कुठली चिप कुठे आहे, तिला किती व्होल्टेज लागतं, हे एका फाइलमध्ये लिहून कर्नलला सांगावं लागतं. हाच डिव्हाइस ट्री. पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले आणि मग एआरएमवाले डिव्हाइस ट्रीकडे वळले.

आता समजा, कुणी लिहिलं 'डिले' बरोबर १०. दहा काय? मिलिसेकंद की मायक्रोसेकंद? फरक हजारपटीचा आहे! म्हणून नियम असा की एकक नावातच हवं. व्होल्टेज असेल तर शेवटी 'मायक्रोव्होल्ट', वेळ असेल तर 'एमएस' किंवा 'यूएस'. एककांच्या घोळापायी १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ गमावलं गेलं. तेव्हा याला किरकोळ म्हणू नका.

दुसरा नियम, कंपनीच्या खास प्रॉपर्टीआधी त्या कंपनीचं ठरलेलं छोटं नाव आणि स्वल्पविराम. फ्रीस्केल कंपनी २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली, पाटी उतरली. पण तिचं 'एफएसएल' आजही आहे, अगदी नंतर आलेल्या आय.एमएक्स ९३ चिपलासुद्धा तेच लागतं. कंपनी गेली, नाव राहिलं.

कारण नाव एकदा बाहेर पडलं की विकलेल्या बोर्डांमध्ये जाऊन बसतं, आणि जुना डिव्हाइस ट्री नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे अशी अपेक्षा असते. आतला कोड उद्या बदलता येईल, नाव नाही. नंतर बघू म्हणणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

चौथ्यांदा शेरा आला की नवा माणूस नाउमेद होतो, हे मान्य. पण आता यातले बरेच नियम 'डीटी बाइंडिंग चेक' चालवून घरबसल्या तपासता येतात. ते न चालवता पॅच पाठवायचा आणि वर मेंटेनरला खडूस म्हणायचं, हे बरं नव्हे.

खरा प्रश्न कंपन्यांचा आहे. "आपल्यापुरतं चालतंय ना" म्हणत आपल्याच कर्नलच्या प्रतीत मनमानी नावं ठेवायची, आणि पाच वर्षांनी सुरक्षा अपडेट द्यायची वेळ आली की हात वर करायचे. भुर्दंड पडतो तो ज्याने पैसे मोजून ते यंत्र घेतलं त्याला. इंजिनिअरला नावाचा विचार करायला दोन दिवस जास्त द्या की!