यंत्रे विकली गेली, आजार मागे राहिला

दक्षिण कोरियाच्या प्रगतीचे दाखले आपल्याकडे वारंवार दिले जातात. युद्धाने बेचिराख झालेला हा देश एका पिढीत जहाजे आणि मोटारी बनवू लागला, हे खरेच आहे. मात्र हा भार कोणाच्या शरीराने वाहिला, हेही पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सेऊलजवळील नामयांगजू येथे वोनजिन रेयॉन हा कारखाना होता. त्याची यंत्रे १९६० च्या दशकात जपानमधून आणलेली, तीही वापरलेली. रेयॉनचा धागा काढताना कार्बन डायसल्फाइड या रसायनाची वाफ सुटते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली की मज्जातंतू, मेंदू व रक्तवाहिन्यांना इजा होते. हातपाय लुळे पडतात, मनही थाऱ्यावर राहत नाही. सेऊल ऑलिंपिकच्या वर्षी, १९८८ साली, या प्रकरणाला वाचा फुटली. पुढे शेकडो कामगारांचा आजार व्यवसायजन्य म्हणून मान्य झाला. १९९३ साली कारखाना बंद पडला. आणि यंत्रे? ती चीनला विकली गेली!

कायदा नव्हता असे नाही. कामगार मानक कायदा १९५३ पासूनच होता. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १९७० साली चॉन थे-इल या २२ वर्षांच्या कापड कामगाराने सेऊलमध्ये आत्मदहन केले.

आज कोरिया श्रीमंत आहे. २०१८ साली आठवड्याच्या कामाची कमाल मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आणण्याचा कायदा झाला. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेआन येथील वीजकेंद्रात रात्री एकटाच काम करणारा २४ वर्षांचा कंत्राटी कामगार कन्व्हेयर पट्ट्यात सापडून मरण पावला. जून २०२४ मध्ये ह्वासाँग येथील लिथियम बॅटरीच्या कारखान्याला आग लागून २३ जण दगावले. त्यांतील बहुतेक स्थलांतरित होते. जोखीम परदेशी धाडण्याची आता गरज उरलेली नाही. ती ठेकेदाराच्या आणि परक्या माणसाच्या खांद्यावर देता येते.

शरीरस्वास्थ्याला अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले होते. वसईच्या औद्योगिक वसाहतींत ‘ठेकेदाराचा माणूस’ ही ओळख नवी नाही. आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे गाळे आहेत, त्यांच्याकडील अशा माणसांची नावे राज्य कामगार विमा योजनेत आहेत काय?